दाराशी अठ्ठेचाळीस सेकंद

माझी पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली ती शिडीवर उभा असताना. चौथ्या मजल्यावरच्या कचेरीचं काचेचं दार आठ दिवस धाडधाड आपटत होतं आणि त्याच्या डोक्यावरच्या, दार हळू मिटवणाऱ्या क्लोजरचा स्क्रू मी पाव फेरा, पुन्हा पाव फेरा असा फिरवत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. दादाने पाठवलेला व्हिडिओ होता. चार दिवसांनी. स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून मी फोन उघडला. एक पाठमोरा माणूस दार ढकलतोय. दार उघडत नाही. तो खांदा लावतो, मग दोन्ही तळवे, मग गुडघा. मागून कुणीतरी हसण्याचे आवाज जोडले आहेत आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘दाराने हरवलेला माणूस’. निळ्या चौकड्यांचा शर्ट, मागच्या खिशातून डोकावणारी मापाची घडीची पट्टी, आणि टाळूवर बशीएवढं टक्कल. टक्कल बघून मला हसूच आलं. मग त्या माणसाने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मान वर करून तो दाराची बिजागरी तपासायला लागला. त्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ पिवळी होती, मुठीला काळी चिकटपट्टी होती, आणि तोच स्क्रू ड्रायव्हर या क्षणी माझ्या दातांत होता. मी दोन पायऱ्या खाली उतरलो आणि तिथेच टेकलो. टक्कल पडलंय हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, दोन वर्षांपासून बोलत नाही. रुसलेला नाही, बोलू शकत नाही. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं आणि श्वासासाठी गळ्यापाशी एक भोक ठेवलं. त्याआधी हा माणूस चोवीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होता, आणि शिकवणं म्हणजे ओरडणं अशी त्याची पक्की समजूत होती. “डावीकडे घ्या. अहो, ही नाही, तुमची दुसरी डावी.” “ब्रेक आहे तो, झुरळ नाही, एवढं चिरडू नका.” अर्धं गाव त्याच्या शिव्या खाऊन परवाना मिळवून बसलंय आणि अजून रस्त्यात गाडी थांबवून त्याला हात करतं. ऑपरेशननंतर त्याला गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्याने ते एकदाच वापरलं. त्यातून निघालेला घरघरता आवाज ऐकून त्याची चार वर्षांची नात वहिनींच्या मागे लपली, आणि यंत्र जे टेबलाच्या खणात गेलं ते गेलंच. फोनवर लिहायला सांगावं तर त्याची बोटं जाड, एका वेळी तीन अक्षरं दाबली जातात, आणि चुकीचं लिहिलेलं त्याला खपत नाही. मग तो व्हिडिओ पाठवायला लागला.

सुरुवात इस्पितळातच झाली. ऑपरेशननंतरचा चौथा दिवस, मी खाटेशेजारच्या स्टुलावर काय बोलावं या विवंचनेत बसलो होतो. बोलणारा आमच्यात नेहमी तोच. मला त्याच्यापुढे फक्त ‘हं’ म्हणायची सवय, आणि आता माझं ‘हं’ ठेवायला समोर काही नव्हतं. त्याने फोन घेतला, बराच वेळ काहीतरी शोधलं, आणि एक हातभर अंतरावरून मला पाठवलं. कुठल्याशा देशातले एक आजोबा दोन गाड्यांच्या मधल्या जागेत आपली गाडी लावताहेत. पुढे, मागे, पुढे, मागे, बावीस वेळा. तेविसाव्या वेळी गाडी बरोबर बसते, आजोबा खाली उतरतात, आणि चुकीच्या घरासमोर आलो हे बघून पुन्हा गाडीत बसतात. मी हसलो. मग दादाकडे पाहिलं तर तोही हसत होता, गळ्याच्या पट्टीवर हात धरून, नुसत्या खांद्यांनी. आवाज नव्हता, पण हसणं पुरतं होतं. ते आजोबा कोण, त्यांना कुणी टिपलं, काही ठाऊक नाही. त्यांना कधी भेटलो तर पाया पडायलाही मी कमी करणार नाही.

तेव्हापासून आमची एक भाषा झाली. कुणी ठरवली नाही. अस्वलाचं पिल्लू शिंकतं आणि त्याची आई दचकून उडते, हे सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलं की दादा उठला. खोक्यात अडकलेलं जाडं मांजर म्हणजे जेवण झालं. चालता चालता चारी पाय ताठ करून कोलमडणारी बकरी म्हणजे आज अंगात त्राण नाही, आणि बकरी दोनदा आली तर मुळीच नाही. फिरणाऱ्या कपड्यांकडे टक लावून बसलेला, वॉशिंग मशीनपुढचा कुत्रा म्हणजे डॉक्टरांच्या बाहेर बसलोय, नंबर आलेला नाही. मी उलट उत्तर देतो. माझ्याकडे बदकं आहेत, स्वतःच्याच शेपटीशी भांडणारं माकड आहे, आणि गेल्या वर्षी मिळालेली, उशीवर झोपून घोरणारी एक कोंबडी आहे, जी मी फार जपून वापरतो. वहिनी वैतागतात. “मला साधं ‘हो’ लिहायचा यांना कंटाळा, आणि तुम्हाला सकाळपासून बकऱ्या.” माझी बायको म्हणते, दोघंही साठीला आलात, बुद्धी नाठायला अजून वेळ आहे असं वाटत होतं. पण रोज सात वाजून दहा मिनिटांनी तीही माझ्या खांद्यावरून वाकून बघते. पिल्लू शिंकलं की आमच्या घरात चहा उकळायला ठेवला जातो.

चार दिवस पिल्लू शिंकलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तपासणीत दादाच्या गळ्याशी पुन्हा काहीतरी सापडलं. लहान आहे, डॉक्टर म्हणाले, आत्ता काढलं तर निघेल. मंगळवारची तारीख मोकळी होती आणि आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. दादाने ऐकून घेतलं, घरी येऊन खुर्चीत बसला, आणि चार दिवस मान हलवायलाही तयार नव्हता, ना आडवी ना उभी. काल वहिनींचा फोन आला. “भावजी, तुम्हीच विचारा. तुमचंच ऐकतात.” तेच तर मला नको होतं. कारण मागच्या वेळीही त्याने माझंच ऐकलं होतं. आवाज जाणार हे कळल्यावर तो म्हणाला होता, “अरे, आवाज गेला तर माझं उरतं काय? मिशी?” आणि मी, ज्याने त्याला जन्मात कधी उलट उत्तर दिलं नाही, त्या मी त्याला सांगितलं होतं, “तू गप्प बसलेला चालेल मला. पण बस.” दुसऱ्या दिवशी त्याने कागदावर सही केली. त्याच्या सहीखाली साक्षीदार म्हणून माझी आहे.

आणि आता चार दिवसांच्या शांततेनंतर हा व्हिडिओ. आमच्या शब्दसंग्रहात नसलेला, आणि त्यात मी. शिडीच्या पायरीवर बसून तो मी पाच वेळा पाहिला. दादाला माणूस ओळखू आला होता, यात शंका नव्हती. पाठ असली म्हणून काय झालं. त्या पाठीत लहानपणी त्याने किती धपाटे घातलेत. प्रश्न अर्थाचा होता. दार उघडत नाही, आणि एक मूर्ख ते ढकलतच राहतो. अकरा लाख लोक त्याला हसलेत. मला तो सरळ माझ्यावरचा आरोप वाटला. बघ, हा असा ढकलत राहतोस तू. जिकडे उघडत नाही तिकडे जोर लावतोस. मलाही असंच ढकललंस. उत्तरासाठी मी आधी बदकं काढली, मग माकड, आणि दोन्ही परत ठेवली. कोंबडी पाठवणं तर शक्यच नव्हतं.

तो दिवस मला आठवू नये म्हणून मी दोन वर्षं बरीच दारं दुरुस्त केली आहेत. ऑपरेशनला सहा तास लागले. सकाळी दादाला ढकलगाडीवर घालून नेताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, “न्यूट्रलला टाकलीय रे गाडी. उतारावर सोडू नकोस.” त्याच्या स्वतःच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. मला काहीतरी म्हणायचं होतं आणि मी नेहमीसारखं ‘हं’ म्हणालो. मग दार बंद झालं. वहिनी बाकावर, मांडीवर हिरवी पिशवी, चेहरा दोन्ही तळव्यांत. दुपारी नर्सने डोकं बाहेर काढून सांगितलं, “झालंय. एकाला आत येऊन बघता येईल.” वहिनी उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. “तुम्ही जा भावजी, माझे पाय माझ्याजवळ नाहीत.” मी गेलो. आता जे अकरा लाख लोकांना माहीत नाही ते असं की ते दार मीच बसवलेलं होतं. चार वर्षांपूर्वी, या दोन हातांनी. चौकट, बिजागऱ्या, क्लोजर, सगळं. मी बसवलं तेव्हा ते आत ढकलायचं दार होतं. मधल्या काळात, आग लागली तर आतल्या माणसांना चटकन बाहेर पडता यावं म्हणून, त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ते उलटं करून घेतलं होतं, आणि वर ‘ओढा’ अशी हातभर पाटीही लावली होती. कुणीही परका माणूस पाटी वाचून आत गेला असता. मी स्वतःच्या दाराची पाटी कशाला वाचतो? सकाळपासून ते बाहेरच्या बाजूला उघडताना डोळ्यांसमोर होतं, पण माझ्या हातांना जुनंच दार पाठ होतं. म्हणून मी ढकललं, उघडेना तसं आणखी ढकललं, आणि मनात एकच विचार, की माझंच काम नेमकं आज बिघडलं, आणि आत दादा एकटा आहे. म्हणून स्क्रू ड्रायव्हर काढला. शेवटी हातात थर्मास घेतलेली एक म्हातारी आली, तिने एका बोटाने दार ओढलं आणि ‘जाऊ द्या हो’ अशा चेहऱ्याने आत गेली. दार पुन्हा बंद झालं. व्हिडिओत मी त्याच्यासमोर क्षणभर उभा आहे, मग त्याला हलकेच थोपटतो. तिथे तो संपतो. तेव्हा माझ्यामागे कुणी फोन धरून उभं असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि आज शिडीवर बसून मला त्या माणसाचा मनापासून राग आला. माझ्या सगळ्यात वाईट अठ्ठेचाळीस सेकंदांना त्याने हसू जोडलं होतं.

“काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?” कचेरीच्या स्वागतकक्षात बसणारी मुलगी विचारत होती. मी नको म्हणालो. तिने तरी पेला आणून दिला, आणि मला बरं वाटावं म्हणून असेल, आपला फोन पुढे केला. “हे बघा, तुमच्याच धंद्यातलं आहे. जुनं आहे म्हणे, पण सकाळपासून सगळीकडे फिरतंय.” मला आधीच कळलं होतं काय दिसणार ते. माझ्यासमोर माझी पाठ पुन्हा दार ढकलायला लागली. मुलगी हसत होती, तोंडावर हात ठेवून, वाईटपणाने नव्हे. “बिजागरी काय तपासतोय बघा. वर एवढं मोठं लिहिलंय.”

“कधीकधी दिसत नाही,” मी म्हणालो.

“हो, तेही खरंच. इस्पितळ आहे ना ते. आतमध्ये कोणीतरी असेल त्याचं.” तिने खाली बोट फिरवून लोकांनी लिहिलेलं दाखवलं. बहुतेकांनी हसणारी तोंडं टाकली होती. कुणी ‘माझा नवरा’ लिहिलं होतं, कुणी ‘माझा साहेब’. मधे एकाने विचारलं होतं, ‘नंतर आत गेला का हो हा माणूस?’ त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. “हे मला पण कळायला पाहिजे होतं,” मुलगी म्हणाली आणि वाजणारा फोन उचलायला गेली. मी पाणी प्यायलो. शिडीवर चढून शेवटचा पाव फेरा दिला. दार सोडून पाहिलं, ते हळूहळू येऊन चौकटीला लागलं, आवाज न करता. मला उगीचच त्या मुलीचे आभार मानावेसे वाटले, आणि मी मानले. पाण्याचे, असं तिला वाटलं.

दादाच्या घरी मी चालत गेलो. बसने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो आणि मला लवकर पोचायचं नव्हतं. वाटेत एकही दार ठीक दिसलं नाही. औषधाच्या दुकानाचं अर्ध्यावर अडकत होतं, बँकेचं किंचित कुरकुरत होतं, आणि आमच्या धंद्यातला माणूस अशा रस्त्याने जाताना सुखाने जाऊच शकत नाही. मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. दोन वर्षांत दादाने काय काय सोसलं ते मी पाहिलं होतं. आंघोळीला भोकात पाणी जाऊ नये म्हणून गळ्यावर लावायची झडप, सर्दी झाली की रात्रंदिवस खोकला, आणि रस्त्यात जुना विद्यार्थी हाका मारायचा तेव्हा नुसता वर केलेला हात. मी त्याला ‘बस’ म्हणालो होतो, म्हणून तो बसला होता. त्याला आता पुरे झालं असेल तर तसं म्हणायचा हक्क त्याला होता, आणि तो हक्क मी एकदा खांदा लावून काढून घेतला होता. पण तो नाही म्हणाला तर सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरात काय होणार, हा विचार आला की पाय आपोआप हळू पडत. चहा केव्हा ठेवायचा ते आम्हाला कोण सांगणार? मला तो हवा होता. बोलता, मुका, बकऱ्या पाठवणारा, कसाही. हे वाक्य मात्र त्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं, कारण तेही ढकलणंच झालं असतं.

वहिनींनी दार उघडलं. खिडकीकडे बोट केलं. दादा खुर्चीत होता, दाढी केलेली, गळ्याभोवती स्वच्छ रुमाल. मी समोर बसलो आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. “दादा, या वेळी मी काही सांगणार नाही. तुला नको असेल तर नको. डॉक्टरांना मी कळवतो.” मागे वहिनींच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकल्याचं ऐकू आलं. दादाने फोन उचलून तोच व्हिडिओ लावला आणि भुवया उडवल्या.

“हो, मीच तो. तुला कसं कळलं?”

त्याने टाळूकडे बोट नेलं. मग पुढे वाकला आणि खुर्चीशेजारच्या टेबलाला हलकेच दोनदा थोपटलं, अगदी व्हिडिओतल्यासारखं. लहानपणी पळताना मी कपाटाला आपटलो की आधी कपाटाला थोपटायचो, त्याला लागलं असेल म्हणून. हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. मग त्याने फोन मांडीवर घेतला आणि, दोन वर्षांत जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा केलं ते केलं. लिहायला बसला. एक जाड बोट, एकेक अक्षर. चुकलेलं पुसायचा, पुन्हा लिहायचा. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल धूत होतं, ती धुऊन होईपर्यंत हा लिहीत होता. मी हात मांडीखाली घालून बसलो. शेवटी त्याने फोन माझ्या हातात दिला.

‘त्या दिवशी दार लागलं आणि मी आत एकटा. पलीकडे तुम्ही सगळे, अलीकडे मी. दोन वर्षं हेच डोक्यात. परत तिथे जायची भीती वाटते, कापण्याची नाही, त्या दाराची. आज एका जुन्या विद्यार्थ्याने हे गंमत म्हणून पाठवलं. सकाळपासून चाळीस वेळा पाहिलं. मी झोपलो होतो आणि तू गुडघ्याने दार ढकलत होतास.’

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली, आणि मी ती हलू दिली. मी दिवसभर ज्याला शिव्या देत होतो तो फोन धरणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. हसत असेल तो, असेना. मी त्या दाराची गोष्ट दादाला दोन वर्षांत कधी सांगितली नव्हती. लाज वाटत होती, आणि मला सांगताही येत नाही. एका अनोळखी माणसाने ती माझ्यासाठी सांगून ठेवली होती, आणि ती अकरा लाख लोकांच्या हातांतून फिरत फिरत, हसत हसत, बरोबर ज्याला हवी त्याच्या मांडीवर येऊन पडली होती. मी त्या अकरा लाखांचा ऋणी आहे, हे मी मोठ्याने म्हणालो. दादाने ‘वेडा आहेस’ अशी मान हलवली.

मग फोन परत घेतला आणि आणखी लिहिलं. या वेळी पटकन, चुका न सुधारता. ‘मंगळवारी जाऊ. तू दार ओढ.’

वहिनींनी माझ्या खांद्यावरून वाचलं. आत गेल्या आणि डॉक्टरांकडे फोन लावला. त्या नाव सांगत होत्या, वेळ विचारत होत्या, उपाशी केव्हापासून राहायचं ते लिहून घेत होत्या, आणि इकडे दादा हसत होता, गळ्यावर हात धरून, खांदे गदगदा हलवत. मीही हसलो, त्याच्यासारखंच, आवाज न करता. का कोण जाणे, मला आवाज करावासा वाटला नाही.

निघताना खाली इमारतीच्या दारापाशी थांबून मी तो व्हिडिओ पुन्हा उघडला. मला असल्या ठिकाणी लिहायची सवय नाही. त्या माणसाचा प्रश्न शोधायला बराच वेळ लागला, हसणाऱ्या तोंडांच्या गर्दीत तो फार खाली गेला होता. नंतर आत गेला का हो हा माणूस? मी त्याखाली लिहिलं, ‘गेला. आत भाऊ होता.’ आणि फोन खिशात टाकून, दारावरची पाटी वाचून, बाहेर पडलो.